आर्ची आणि पार्थवी

गोष्ट एकच. २०१६ चा ‘सैराट’ आणि त्याचा २०१८ चा हिंदी रिमेक ‘धडक’. तरी एका नायिकेसाठी जीव तुटतो, दुसरीसाठी नुसती हळहळ वाटते.

‘सैराट’मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, समोरच्याला सुनावते. पाटलाच्या घरातला हा रुबाब आधी मनात पक्का बसतो, म्हणूनच हैदराबादच्या झोपडपट्टीतली आर्ची बघवत नाही. तिथली घाण तिला सहन होत नाही, घरच्या आठवणीने ती रडते, ज्याच्यासोबत पळून आली त्या परश्यावर चिडते. प्रेम खरं असूनही पळून आल्याचा पस्तावा तिच्या चेहऱ्यावर दिसतो. नागराज मंजुळेंनी तिला अशी चिडचिडी होऊ दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. जवळपास तीन तासांच्या सिनेमात त्यासाठी ऐसपैस वेळही आहे.

‘धडक’मधली पार्थवी उदयपूरच्या बड्या घरातली, तिचा प्रियकर मधुकर, त्याच्या घरचं हॉटेल. ‘सैराट’मधली जातीची धार इथे बोथट झाली, त्यामुळे दोघं नेमकं काय ओलांडतायत हे जाणवतच नाही. जान्हवी कपूरने मेहनत घेतलीय, पण कोलकात्यातले हाल भराभर उरकले जातात. शेवटाचा धक्का तिथेही बसतो. आर्चीच्या बाबतीत मात्र आपल्याच घरातलं कुणीतरी गेलं असं वाटतं.