सिव्हिल की योजनेतलं खासगी? सोलापुरात दोन खुब्यांच्या ऑपरेशनांचा अनुभव

दोन वर्षांत आमच्या घरात दोघींचा खुबा मोडला. काकूंचं ऑपरेशन सिव्हिलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात झालं, आईचं महात्मा फुले जनआरोग्य या राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेतल्या एका खासगी रुग्णालयात. दोन्हीकडे ऑपरेशनचे पैसे लागले नाहीत. फरक पडला तो डॉक्टरांचा एकमेकांशी मेळ बसण्यात.

खासगीत आरोग्यमित्रानं (रुग्णालयात योजनेचं काम पाहणारा माणूस) रेशनकार्ड आणि आधार पाहून मंजुरीला पाठवलं, ती दुसऱ्या दिवशी आली. खोली स्वच्छ, ऑपरेशन करणारे डॉक्टर शेवटपर्यंत तेच. पण शुगर बघणारे फिजिशियन बाहेरून येणारे. आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते, हे हाडाच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आदल्या रात्री कळलं, तेही माझ्या पिशवीतल्या जुन्या चिठ्ठीवरून. त्यामुळे ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि आई वेदनेत पडून राहिली. त्या दिवसांचा राग अजून आहे.

सिव्हिलला काकूंचा नंबर लागायला आठ दिवस गेले. वॉर्डात गर्दी, ड्युटी बदलली की नवा रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर). मेडिसिनला 'कॉल' द्यायचा, म्हणजे त्या विभागाच्या डॉक्टरांना तपासायला बोलवायचं, तर केसपेपर घेऊन आम्हीच जिने चढायचो. पण हाड, शुगर, भूल, फिजिओथेरपी सगळं एकाच आवारात, आणि प्रत्येकाची नोंद त्याच केसपेपरवर. काकूंची कुठलीही गोळी कुणाच्या नजरेतून सुटली नाही.

घरी आल्यावर हा फरक जास्त जाणवतो. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रोजच्या ओपीडीचा खर्च त्यात बसत नाही. डिस्चार्जनंतर थोड्या दिवसांची औषधं मिळतात, पुढे खिशातून. काकू मात्र सिव्हिलच्या ओपीडीतच जात राहिल्या.

म्हणून माझं मत असं: माणूस एरवी धडधाकट असेल, दुखणं एकच असेल, तर योजनेतलं खासगी बरं. शुगर, बीपी, किडनी असं सगळं सोबत असेल तर गर्दी सोसून सिव्हिल. खासगीत जाणार असाल तर दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारा की तुमचा आजार तिथे योजनेत बसतो का. रुग्णालय यादीत असलं तरी तिथले सगळे विभाग योजनेत असतातच असं नाही. कुणी पैसे मागितले तर योजनेच्या 155388 या नंबरवर फोन करा.

घरात कुणी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात असेल आणि पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापलं जात असेल, तर आधी ते पाहा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ते लागू आहे. त्यात ओपीडी आणि औषधंही येतात, अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही. दुसऱ्या रुग्णालयातल्या पुढच्या उपचाराला मात्र ईएसआयच्या दवाखान्याची रेफरची चिठ्ठी लागते.

कुठेही जा, चालू गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला ती स्वतः दाखवा.