महासागर ओलांडताना: पाणी भरून न्यायचं की यंत्रानं काढायचं?

गावातलं पाण्याचं एटीएम, घरातला आरओ आणि शिडाच्या बोटीवरचा वॉटरमेकर (समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी काढणारं यंत्र) यांचं तत्त्व एकच. त्यामुळे सांगली-साताऱ्याकडून लांबच्या सफरीची तयारी करणाऱ्याला यंत्र ओळखीचं वाटतं आणि टाक्या जुनाट. पण घरचा आरओ पाच-सहा बार दाबावर चालतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते गाळायला ५५ बारच्या आसपास दाब लागतो. एक सील गेलं तरी यंत्र बंद, आणि तिथे मेकॅनिक येणार नाही.

आधी गरज मोजा. अटलांटिक ओलांडायचा, तर कॅनरी बेटं ते कॅरिबियन साधारण २,७०० सागरी मैल. तीस फुटी बोट दिवसाला १२० मैल गेली तर २३ दिवस. वारा पडेल, शीड फाटेल, म्हणून ३४ दिवस धरा. दोन माणसं, माणशी ४ लिटर: २७२ लिटर, म्हणजे जवळपास पावणेतीन क्विंटल. यात पिणं, स्वयंपाक आणि दात घासणं भागतं. आंघोळ आणि भांडी खाऱ्या पाण्यानं. भात लावताना तीन वाट्या गोड्या पाण्यात एक वाटी समुद्राचं घाला, वेगळं मीठ नको. माण-खटाव किंवा जत-आटपाडीत ज्यांचे उन्हाळे टँकरची वाट बघण्यात गेले, त्यांच्या हाताला ही काटकसर आधीच आहे.

बारा व्होल्टचं लहान यंत्र चार अँपिअर घेऊन तासाला सहा लिटरच्या आसपास पाणी देतं. दिवसाचे आठ लिटर मिळायला ऐंशी मिनिटं पुरतात. एक सोलर पॅनल हे सहज पेलतं. वजन वाचतं, अंगावर दोन तांबे गोडं पाणी घेता येतं. खाऱ्या पाण्यानं अंगावर फोड उठतात तेव्हा त्या दोन तांब्यांची किंमत कळते.

यंत्र बिघडतं ते बहुतेक आपल्या हातून. बंदरातल्या तेलकट पाण्यात चालवलं की मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, गेलं. आठवडाभर बंद ठेवलं की आत जंतू वाढतात, म्हणून गोड्या पाण्यानं धुवावं लागतं. आणि इथेच घात होतो: नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेन खातं. धुवायचं पाणी कार्बन फिल्टरमधूनच घ्या. बोट कलली की पाणी ओढणारं तोंड वर येऊन पंपात हवा शिरते, तेही बघा. सुरुवातीची काही मिनिटं येणारं पाणी टाकून द्या. पाण्यातले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर ५००च्या खाली आकडा आल्यावरच भरा.

टाकीचे धोके साधे आहेत. एकच टाकी असेल आणि तडा गेला तर सगळं पाणी तळात. विजेच्या पंपाचा पाइप निसटला तरी तेच होतं, तुम्ही झोपेत असताना; म्हणून पायानं दाबायचा पंप बसवा.

आमचं मत स्पष्ट आहे. दोघं असाल तर पूर्ण २७२ लिटर भरूनच निघा, यंत्र परवडलं तर वरची सोय म्हणून घ्या. चौघं असाल तर एवढ्या बोटीत साडेपाच क्विंटल पाणी मावत नाही. यंत्र घ्यावंच लागेल, पण किनारा गाठण्यापुरतं पाणी तरीही कॅनमध्ये हवं. जीवरक्षक तराफ्याच्या पिशवीत हातानं चालवायचं छोटं यंत्र ठेवा, तासाला जेमतेम लिटरभर देतं. कॅन वीस लिटरचे, गडद रंगाचे घ्या. पांढऱ्यात उन्हानं शेवाळ धरतं. ते काठोकाठ भरू नका. वर चार बोटं हवा ठेवली की बोट सोडायची वेळ आली तरी कॅन पाण्यावर तरंगतो आणि दोरीनं ओढून घेता येतो.