ईएसबिल्ड : फाईल नसलेल्या मॉड्यूलच्या कसोटीवर

जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांसाठी आम्ही जे वेब ॲप्लिकेशन चालवतो, त्यात १५ तालुक्यांची नावे आणि मृगबाग, कांदेबाग या केळी लागवडीच्या हंगामांची यादी लागते. ही यादी डेटाबेसमधून बिल्डच्या (ॲप्लिकेशनच्या अंतिम फाईली बनवण्याच्या) वेळी तयार होते, त्यामुळे तिची फाईल डिस्कवर नसते. तरीही उरलेल्या कोडला ती इतर मॉड्यूलसारखी (कोडच्या स्वतंत्र भागासारखी) इम्पोर्ट करता यावी, ही आमची गरज होती. त्यासाठी इव्हान वॉलेस यांनी गो भाषेत लिहिलेला ईएसबिल्ड हा बंडलर (अनेक मॉड्यूल एकत्र बांधून ‘बंडल’ बनवणारे साधन) घेतला आणि या कामासाठी तो मला मनापासून आवडला.

ईएसबिल्डला जोडलेल्या प्लगिनमधील (पूरक कोडमधील) ऑनरिझॉल्व्ह हे फंक्शन मॉड्यूलचे नाव ओळखून त्याला वेगळा नेमस्पेस (ओळखीचा स्वतंत्र गट) देते आणि ऑनलोड हे फंक्शन त्या नेमस्पेससाठी मजकूर व लोडर (मजकूर कोणत्या प्रकारचा समजायचा ते) परत करते. लोडर जेसन (माहिती मांडण्याचा मजकूर-नमुना) ठेवला की यादीचेच मॉड्यूल होते. तात्पुरती फाईल लिहिण्याची आणि मागाहून पुसण्याची उस्तवार उरत नाही.

अडचण आली ती याच मॉड्यूलमध्ये, लोडर जेसनऐवजी जेएस (जावास्क्रिप्ट) करून, नावे अकारविल्हे लावणारा कोड घातल्यावर. त्या कोडला नोड मॉड्यूल्स या फोल्डरमधील एक पॅकेज (तयार कोडचा संच) हवे होते आणि बिल्ड थांबले. फाईल नसलेल्या मॉड्यूलला स्वतःचे फोल्डर नसते, म्हणून शोध कोठून सुरू करायचा हे ऑनलोडने रिझॉल्व्हडिर देऊन सांगावे लागते. मी ते दिले नव्हते. त्रुटीच्या संदेशात हे कारण स्पष्ट लिहिलेले होते, त्यामुळे ते शोधण्यात वेळ गेला नाही. वॉच मोडमध्येही (फाईल बदलताच आपोआप पुन्हा बिल्ड करणाऱ्या स्थितीत) मूळ माहितीची फाईल बदलल्यावर पुन्हा बिल्ड व्हावे असे वाटत असेल, तर ती वॉचफाईल्समध्ये नोंदवावी लागते.

मराठीत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून पाहावी. ईएसबिल्डच्या कॅरसेट या (बंडलमधील अक्षरांची संकेतपद्धत ठरवणाऱ्या) पर्यायाचे मूळ मूल्य आस्की (फक्त इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हांचा संकेत) असल्याने देवनागरी मजकूर बंडलमध्ये सांकेतिक रूपात, म्हणजे प्रत्येक चिन्हामागे सहा आस्की चिन्हे अशा रूपात, उतरतो. ‘रावेर’ या शब्दातील ५ युनिकोड चिन्हांना यूटीएफ-८ या सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीमध्ये १५ बाइट लागतात, सांकेतिक रूपात मात्र ३०. सातपुड्याच्या पायथ्याशी मोबाईलची रेंज जेमतेम असते, तेथे हा दुप्पट भार मला पटला नाही. कॅरसेट यूटीएफ-८ केले की नावे जशीच्या तशी राहतात आणि बंडल उघडून ती वाचताही येतात. फक्त पानाच्या हेडमध्ये यूटीएफ-८ जाहीर केलेले असावे, अन्यथा रावेरच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात.