ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड घ्यावा की एक्स्पिडिशन ३३? (आणि पीसी जुना असेल तर काय)

एप्रिल २०२५ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन मोठे आरपीजी, म्हणजे आपलं पात्र घडवत खेळायचे गेम, पीसीवर आले. २२ तारखेला 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड', ज्याची अधिकृत घोषणा आणि विक्री एकाच दिवशी झाली, आणि २४ ला 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'. अजूनही कोणी "एकच घ्यायचाय, कुठला घेऊ" असं विचारलं की गाडी या दोघांवरच येते. पहिला म्हणजे २००६ चा गेम नव्याने सजवलेला, दुसरा सँडफॉल या फ्रेंच स्टुडिओचा पहिलाच. माझं म्हणणं असं की नवा-जुना हे बघूच नका, तुम्हाला गेमने गोष्ट सांगायला हवीय की मोकळं सोडायला हवंय एवढं आधी ठरवा.

ऑब्लिव्हियन मोकळं सोडतो. सुरुवातीचा तुरुंग आणि गटारं पार करून बाहेर आलात की मुख्य कथा बाजूला ठेवून कुठेही जा, कोणी अडवत नाही. आणि खरी मजा त्या बाजूच्या क्वेस्टमध्येच, म्हणजे छोट्या कामगिऱ्यांमध्येच आहे. एखाद्या निरपराधाचा खून केलात की पुढच्या वेळी झोपाल तेव्हा काळ्या झग्यातला माणूस तुमच्याशी बोलायला हजर, तिथून डार्क ब्रदरहूड या मारेकऱ्यांच्या टोळीच्या कामांची साखळी सुरू होते, त्यात पाच पाहुण्यांना एका घरात कोंडून एकेकाला संपवायचं एक काम आहे, इतकं छान लिहिलेलं क्वेस्ट आजच्या गेममध्येही क्वचित सापडतं. मुख्य कथेतले ऑब्लिव्हियनचे, म्हणजे राक्षसी जगाचे, दरवाजे मात्र चार-पाच बंद केले की कंटाळा येतो, ते तेव्हाही होतं आणि आताही आहे.

आता बदललंय काय? इंजिन म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, इथे चित्र नवं अनरियल इंजिन ५ काढतं पण आतलं काम जुनंच इंजिन बघतं, त्यामुळे लोकांचं ते विचित्र बोलणं-चालणं जसंच्या तसं राहिलंय आणि मला ते तसंच हवं होतं. आता जोरात धावताही (स्प्रिंट) येतं, आणि लेव्हलचा, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या पायऱ्यांचा, जुना घोळ सुटला हे सगळ्यात मोठं. पूर्वी लेव्हल वाढताना आकडे नीट मिळावेत म्हणून कुठलं कौशल्य किती वापरायचं याचा हिशोब ठेवावा लागायचा, आता प्रत्येक लेव्हलला १२ पॉइंट मिळतात, हवे तिथे टाका. शत्रू मात्र अजूनही तुमच्यासोबत वर चढतात, त्यामुळे आपण ताकदवान झालो असं वाटायला वेळ लागतो. शिवरिंग आयल्स आणि नाइट्स ऑफ द नाइन हे दोन्ही विस्तार आत आहेत.

एक्स्पिडिशन ३३ अगदी उलट. इथे वाट आखलेली आहे आणि कथा तुम्हाला ओढत नेते. पेंट्रेस नावाची एक बाई दरवर्षी एक आकडा लिहिते आणि त्या वयाची माणसं विरून जातात, आता आकडा ३३ वर आलाय आणि तिला थांबवायला एक तुकडी निघते. पहिल्या तासातच एवढं मनाला लागतं की दुसरं काही सुचत नाही. लढाई टर्न-बेस्ड आहे, म्हणजे आळीपाळीने वार करायचे, पण शत्रू वार करताना तुम्हाला बरोब्बर वेळेवर डॉज (वार चुकवणं) किंवा पॅरी (वार अडवणं) करावं लागतं, त्यामुळे टर्न-बेस्ड म्हणजे झोप असं ज्यांना वाटतं त्यांनी हा नक्की बघावा. आधी डॉजने शत्रूची लय ओळखा, मग पॅरीच्या नादी लागा, कारण पॅरीची वेळ जास्त कडक आहे पण उलटा वारही तिथेच मिळतो. हात तेवढा जलद नसेल तर स्टोरी मोड आहे, लाजू नका, कथा तीच आहे. खटकलं एकच, फिरायच्या भागांच्या आत मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) नाही, त्यामुळे सारख्या दिसणाऱ्या वाटांवर माणूस गोल गोल फिरतो. २०२५ च्या गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम हाच ठरला आणि मला ते पूर्ण पटलं.

पीसीचं बघाल तर फरक मोठा आहे. ऑब्लिव्हियनला १२५ जीबी जागा, १६ जीबी रॅम आणि किमान जीटीएक्स १०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, तर एक्स्पिडिशनला ५५ जीबी जागा, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० वर सुरुवात होते. शिवाय ऑब्लिव्हियन बाहेरच्या मोकळ्या जगात अडखळतो, भारी कार्डवरसुद्धा. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानावर दोन तासांच्या आत खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, पण सुरुवातीच्या गटारात सगळं गुळगुळीत चालतं आणि आपल्या पात्राचा चेहरा बनवण्यातच बराच वेळ जातो, म्हणून पहिल्यांदा चेहऱ्यावर वेळ घालवू नका, पटकन बाहेर या आणि घोड्यावरून किंवा धावत थोडं फिरून बघा, तरच तुमच्या पीसीचं खरं कळेल.

दोन्ही झेपत नसतील तर 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' घ्या, २०१९ ला जाहीर होऊन सप्टेंबर २०२५ ला आला, टूडी आहे, साध्या पीसीवरही चालतो. पण अवघड आहे आणि सोपा मोड नाही, बॉसकडून (मोठ्या शत्रूकडून) पुन्हा पुन्हा मरायची तयारी नसेल तर पहिला हॉलो नाइट आधी खेळा. चिडचिड नको, डोकं लावायचंय असं असेल तर 'ब्लू प्रिन्स', ४५ खोल्यांच्या वाड्यात ४६ वी खोली शोधायची, रोज खोल्यांची मांडणी नव्याने तुम्हीच करायची. शेजारी वही-पेन लागतंच, आणि कोडी इंग्रजी शब्दांवर बरीच बेतलेली असल्यामुळे वाचायचा कंटाळा असणाऱ्यांनी दूर राहावं.

जुन्यातलाच हवा असेल तर १९९९ चा अंतराळयानावरचा भीतीचा गेम 'सिस्टम शॉक २', नाइटडाइव्ह या स्टुडिओने जून २०२५ मध्ये काढलेला रीमास्टर. यात मूळ गेमचा गाभा तसाच ठेवून पात्रांचं आणि शस्त्रांचं रूप सुधारलंय, आणि तो आजच्या पीसीवर आणि कंट्रोलरवर नीट चालेल असं केलंय. बंदुका वापरून वापरून बिघडतात, गोळ्या कमी पडतात, मारलेल्या जागी पुन्हा कोणीतरी येतं, रात्री हेडफोन लावून खेळलात तर त्या यानावरचे आवाज अंगावर येतात. ऑब्लिव्हियनइतकी सजावट इथे नाही, पण भीती हवी असेल तर मी या सगळ्यांत आधी हाच सुचवेन.