गिब्ज, जेफरसन की आणखी कोणी? एनएफसी नॉर्थमधून फँटसी संघ निवडताना

२०२४च्या हंगामात एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, एनएफसी नॉर्थ या चार संघांच्या गटातून तीन संघ प्लेऑफला गेले आणि तिघेही आपापला पहिलाच सामना हरून घरी परतले. डेट्रॉइट लायन्स १५ विजय, २ पराभव अशा थाटात आले होते, त्यांना वॉशिंग्टनने त्यांच्याच मैदानात ४५-३१ असं झोडपलं. मिनेसोटा व्हायकिंग्जनी १४ सामने जिंकले होते, पण रॅम्ससमोर २७-९ अशी दाणादाण उडाली. ११-६ वाल्या ग्रीन बे पॅकर्सना ईगल्सनी २२-१० असं गुंडाळलं. चौथे शिकागो बेअर्स ५-१२ वर राहिले. थँक्सगिव्हिंगचा सामना हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांना नारळ दिला होता.

हे लिहितोय २०२५च्या हंगामाच्या तोंडावर: हंगाम ४ सप्टेंबरला सुरू होतोय आणि अमेरिकेतल्या बऱ्याच घरगुती नि ऑफिसच्या फँटसी लीगचे (खऱ्या खेळाडूंचा कागदावर संघ बांधायचा खेळ) ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेऱ्या, याच दिवसांत उरकले जातात. ‘एक माणूस कमी पडतोय’ म्हणून तुम्हालाही कोणी ओढलं असेल, न्यू जर्सीतल्या ऑफिसात किंवा पुण्यात बसून तिथल्या टीमबरोबर काम करताना, तर आधी एक समजून घ्या. हे ड्रीम ११ नव्हे. इथे रोज नवा संघ लावता येत नाही. लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाकडे असतो, तो डिसेंबरअखेरपर्यंत तुमचा, आणि त्याचा गुडघा गेला तर ते दुखणंही तुमचंच. गुणांचा हिशोब सोपा आहे: धावून किंवा पास झेलून दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेण्याला) सहा, आणि पीपीआर पद्धतीच्या लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला आणखी एक.

या गटाबद्दल माझं म्हणणं असं की कोण जिंकणार आणि कोणाचे खेळाडू घ्यायचे, या दोन प्रश्नांची उत्तरं यंदा एकमेकांशी जुळत नाहीत. गट पॅकर्स जिंकतील असं मला वाटतं, पण फँटसीसाठी त्यांच्याकडे हात घालावा असे खेळाडू सगळ्यात कमी. बेअर्स तळाशी राहिले तरी नवल नाही, पण स्वस्तात चांगला माल तिथेच आहे. लायन्स खाली घसरतील, तरीही पहिला खेळाडू मी त्यांचाच घेईन.

पहिल्या फेरीचा पेच

लायन्सचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जाहमिर गिब्ज की व्हायकिंग्जचा रिसीव्हर (पास झेलणारा) जस्टिन जेफरसन, हा प्रश्न तुमची पाळी पहिल्या पाच-सहांत आली तर पडणारच.

गिब्जने २०२४मध्ये धावून १,४१२ यार्ड काढले, वर ५२ पास झेलून ५१७ यार्ड, आणि एकूण २० टचडाउन. पीपीआरमध्ये हे जवळपास ३६५ गुण होतात. जेफरसनचे १०३ झेल, १,५३३ यार्ड, १० टचडाउन म्हणजे साधारण ३१६. गंमत अशी की गिब्जचा सहकारी आमोन-रा सेंट ब्राउन ११५ झेल, १,२६३ यार्ड आणि १२ टचडाउनांसह जेफरसनच्या अगदी पाठीला पाठ लावून उभा आहे, तरी ड्राफ्टमध्ये तो बहुधा काही जागा उशिरा मिळतो. झेलाला गुण नसलेल्या जुन्या पद्धतीच्या लीगमध्ये तर वादच नको: गिब्ज ३१२च्या आसपास राहतो, जेफरसन २१३वर येतो.

गिब्जबद्दलची धास्ती एकच, डेव्हिड माँटगोमेरी. गोललाइनजवळचं काम त्याच्याकडे बरंच जातं. गेल्या वर्षी त्याने १२ टचडाउन असेच नेले. पण शेवटचे तीन साखळी सामने माँटगोमेरी गुडघ्यामुळे बाहेर होता, तेव्हा गिब्जने व्हायकिंग्जविरुद्ध एकाच रात्री चार टचडाउन ठोकले. म्हणून गिब्ज घेतलात तर सहाव्या-सातव्या फेरीत माँटगोमेरीही घ्यावा, असं मी सुचवेन. तो नुसता विमा नाही, एरवीही आठवड्याला दहा-बारा गुण देणारा गडी आहे.

जेफरसनबद्दलची धास्ती वेगळी. सॅम डार्नोल्डने त्याला गेल्या वर्षी पास दिले, ४,३१९ यार्ड आणि ३५ टचडाउन केले, आणि मग तो सिअ‍ॅटलला निघून गेला. आता चेंडू जे. जे. मॅकार्थीच्या हातात. एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०२४च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलेल्या या पोराने २०२५च्या हंगामाआधी एकही साखळी सामना खेळलेला नव्हता, कारण २०२४च्या ऑगस्टमध्येच त्याच्या गुडघ्याचा मेनिस्कस फाटला. तरीही जेफरसनला घाबरून सोडू नका. २०२३मध्ये कझिन्स, हॉल, डॉब्स, मलन्स अशी चार क्वार्टरबॅकांची (पास देणाऱ्यांची) वरात त्याच्यापुढून गेली, स्वतः तो जखमी होऊन फक्त १० सामने खेळला, तरी १,०७४ यार्ड त्याच्या नावावर होते. पहिल्या पाच हंगामांत ७,४३२ यार्ड, एवढे आजवर कोणालाच जमलेले नाहीत.

माझा कौल गिब्जला. पीपीआरमध्ये तो गेला असेल तर जेफरसन. पहिल्या फेरीच्या शेवटी पाळी असेल तर सेंट ब्राउन घ्या आणि शांत झोपा.

लायन्स किती घसरतील?

लायन्सनी गेल्या वर्षी ५६४ गुण केले, लीगमधले सर्वाधिक. त्या आक्रमणाची आखणी करणारे बेन जॉन्सन आता शिकागोचे मुख्य प्रशिक्षक आहेत. बचाव सांभाळणारे एरन ग्लेन न्यूयॉर्क जेट्सकडे गेले. लायन्सचे मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी २०२५साठी आक्रमण जॉन मॉर्टन यांच्याकडे सोपवलं.

मला त्यापेक्षा जास्त काळजी वाटते ती क्वार्टरबॅकला राखणाऱ्या मधल्या फळीची. सेंटर फ्रँक रॅगनाऊने जूनमध्ये निवृत्ती घेतली, गार्ड केव्हिन झाइटलर टेनेसीला गेला. जॅरेड गॉफ हा जागेवर उभा राहून पास देणारा क्वार्टरबॅक. समोरून, मधूनच दाब आला की त्याचं गणित बिघडतं. गॉफचे ३७ टचडाउन यंदा तीसच्या घरात येतील असं धरून चाला. जेम्सन विल्यम्सचे १,००१ यार्ड लांबच्या पासांवर बरेच अवलंबून होते, म्हणून त्याला मी पाचव्या फेरीआधी हात लावणार नाही. गिब्ज आणि सेंट ब्राउनचं तसं नाही. दाब वाढला की गॉफ चेंडू लवकर सोडतो, आणि लवकर सोडलेला चेंडू याच दोघांकडे जातो.

शिवाय बचावातला एडन हचिन्सन परततोय. गेल्या ऑक्टोबरमध्ये डॅलसमध्ये पाय मोडला तेव्हापासून लायन्सचा दाबच ओसरला होता. दहा-अकरा विजय मी त्यांना देतो.

पॅकर्स जिंकतील, पण कोणामुळे?

२८ ऑगस्टला पॅकर्सनी बचावपटू मायका पार्सन्सला डॅलसकडून आणलं. बदल्यात केनी क्लार्क आणि एनएफएल ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीचे दोन पिक (निवडीचे हक्क) दिले, वर चार वर्षांचा १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार. गेल्या वर्षी हाच संघ आपल्या गटात १-५ असा हरला होता: लायन्सकडून दोनदा, व्हायकिंग्जकडून दोनदा, बेअर्सकडून एकदा. अटीतटीच्या वेळी समोरच्या क्वार्टरबॅकला आडवा करणारा माणूस नव्हता. तो आता आहे, म्हणून माझा कौल ग्रीन बेला.

पण पार्सन्सने केलेल्या सॅकचे (क्वार्टरबॅकला आडवं पाडण्याचे) गुण तुमच्या रिसीव्हरला मिळत नाहीत. पॅकर्सकडे सगळ्यांना थोडं थोडं वाटून द्यायची रीत आहे. गेल्या वर्षी सर्वाधिक यार्ड काढणारा जेडन रीड ८५७वर थांबला. क्रिस्टियन वॉटसनचा गुडघ्याचा लिगामेंट जानेवारीत तुटला. एप्रिलचा ड्राफ्ट खुद्द ग्रीन बेमध्येच झाला आणि त्यात त्यांनी २००२नंतर पहिल्यांदा पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला, टेक्सस विद्यापीठाचा मॅथ्यू गोल्डन. लोक त्याच्यावर खूश आहेत. मीही आहे, पण नवव्या फेरीच्या भावाने. नवा रिसीव्हर या वाटपात पहिल्याच वर्षी सिंहाचा वाटा घेईल यावर मी पैज लावणार नाही.

एक माणूस मात्र डोळे झाकून घ्यावा: रनिंग बॅक जॉश जेकब्ज. धावून १,३२९ यार्ड, १५ टचडाउन, आणि कामात वाटेकरी नाही. बचाव भक्कम झाला की संघ पुढे असताना घड्याळ चालवत धावायचं काम त्यालाच मिळेल. दुसऱ्या फेरीत मिळाला तर सोडू नका.

क्वार्टरबॅक आणि शिकागोचा सौदा

चौघांपैकी कोण? गॉफ खात्रीचा, पण वर जायला जागा नाही. जॉर्डन लव्ह हुशार आहे, पण त्याचा संघ आता धावायला बसणार. मॅकार्थीला दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या जागी ठेवा, सुरुवातीच्या अकरांत नाही… म्हणजे क्रिकेटच्या भाषेत. उरला केलेब विल्यम्स, आणि मी त्यालाच घेईन.

त्याचे गेल्या वर्षीचे आकडे बघा: ३,५४१ यार्ड, २० टचडाउन, ६ इंटरसेप्शन (समोरच्याने पळवलेले पास), आणि ६८ वेळा सॅक. ६८! त्याला पास द्यायला वेळच मिळत नव्हता. यंदा बेअर्सनी मधली तिन्ही माणसं बदलली: कॅन्सस सिटीकडून जो थुनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून ड्रू डॅलमन. त्यात बेन जॉन्सन आले. आणि केलेब स्वतः धावूनही ४८९ यार्ड काढतो. फँटसीत धावलेला यार्ड पासच्या यार्डापेक्षा अडीच पट मोलाचा, कारण पासला पंचवीस यार्डांना एक गुण मिळतो. शिकागोच्या इतिहासात एका हंगामात ४,००० यार्ड पास कोणीच केलेले नाहीत. यंदा होतील की नाही ते सोडा, आठव्या-नवव्या फेरीत त्या शक्यतेवर डाव लावायला हरकत नाही.

त्याच्याबरोबर रोम ओडुन्झे. गेल्या वर्षी ७३४ यार्डच, पण कीनन अ‍ॅलन गेल्यामुळे त्याच्या वाटचे पास कोणाकडे तरी जाणार. डीजे मूर ९८ झेलांसह जास्त भरवशाचा, पण त्याचा भावही तसाच. मूरच्या दोन फेऱ्यांनंतर ओडुन्झे मिळतो, मी तिथेच थांबेन. डिआंड्रे स्विफ्टबद्दल मला उत्साह नाही. जॉन्सन यांनी डेट्रॉइटमध्ये त्याला जवळून पाहिलं आहे, आणि त्याला ईगल्सकडे पाठवलं तेव्हा आक्रमणाची सूत्रं जॉन्सन यांच्याकडेच होती.

टाइट एंड

पास झेलणं आणि समोरच्याला अडवणं असं दुहेरी काम करणाऱ्या या जागेवर हा गट श्रीमंत आहे, म्हणून घाई करू नका. सॅम लापोर्टा ७२६ यार्ड आणि ७ टचडाउन, टकर क्राफ्ट ७०७ यार्ड आणि ७ टचडाउन. आकडे जवळपास जुळे, भावात मात्र तीन-चार फेऱ्यांचा फरक. क्राफ्ट घ्या. टी. जे. हॉकन्सन गुडघ्यातून सावरून नोव्हेंबरमध्ये परतला आणि वर्षभरात एकही टचडाउन करू शकला नाही; नवा क्वार्टरबॅक जवळचे पास शोधतो, त्यामुळे त्याचे झेल वाढतील. बेअर्सनी दहाव्या क्रमांकावर घेतलेला कोल्स्टन लव्हलँड शेवटच्या फेऱ्यांसाठी. कोल कमेट तिथे आधीच बसलेला असल्याने त्याला पाय रोवायला वेळ लागेल.

व्हायकिंग्जचं उरलेलं

रिसीव्हर जॉर्डन अ‍ॅडिसन २०२५च्या पहिल्या तीन सामन्यांसाठी निलंबित. त्याच्या गैरहजेरीसाठी अ‍ॅडम थीलनला कॅरोलिनाहून परत आणलं. अ‍ॅडिसन सहाव्या-सातव्या फेरीत घेऊन बाकावर ठेवणं परवडतं, पण तुमच्या लीगमध्ये बाकावरच्या जागा चार-पाचच असतील तर नको. एरन जोन्स १,१३८ यार्ड काढूनही तिशीत आहे आणि त्याच्या शेजारी सॅन फ्रान्सिस्कोचा जॉर्डन मेसन येऊन बसला आहे. दोघांपैकी जो उशिरा मिळेल तो घ्या, म्हणजे मेसन.

तारखाही बघून ठेवा. व्हायकिंग्ज २८ सप्टेंबरला डब्लिनमध्ये स्टीलर्सशी आणि ५ ऑक्टोबरला लंडनमध्ये ब्राउन्सशी खेळतील, मग सहाव्या आठवड्यात सुट्टी. हे दोन सामने भारतात संध्याकाळी ७ वाजता दिसतील, ही इथल्यांची चैन. बेअर्स आणि पॅकर्स दोघांचीही सुट्टी पाचव्या आठवड्यात, म्हणून जेकब्ज, क्राफ्ट, केलेब आणि ओडुन्झे हे सगळे एकत्र घेतलेत तर त्या आठवड्यात तुमच्या संघाला खिंडार पडेल. दोघा-तिघांवर थांबा. लायन्सची सुट्टी आठव्या आठवड्यात.

फँटसीचे बाद सामने बहुतेक लीगमध्ये १५ ते १७ या आठवड्यांत होतात. तेव्हा लायन्स लॉस एंजेलिस, डेट्रॉइट आणि मिनेसोटा इथे खेळतील, तिन्ही मैदानं छताखालची. पॅकर्स डेन्व्हर, शिकागो आणि ग्रीन बे असे उघड्यावर, तेही डिसेंबरात. बेअर्सचे तीनपैकी दोन सामने सोल्जर फील्डच्या वाऱ्यात. केलेबला घेतलंत तर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास दुसरा क्वार्टरबॅक हेरून ठेवा. गॉफ लीगमध्ये कोणीच घेतला नसेल तर तोच.

बचाव (फँटसीत तो एका संघाचा अख्खा घेतात) घ्यायचा तर पॅकर्सचा, पण पहिल्या आठवड्यात त्यांच्यासमोर लायन्स आहेत. त्या आठवड्यापुरता व्हायकिंग्जचा बचाव चालवा, शिकागोत, सोमवारी रात्री. भारतात तेव्हा मंगळवारचे पावणेसहा वाजलेले असतील, तेव्हा संघ झोपण्यापूर्वीच लावून ठेवा.