‘इम्पोर्टेड’ बादलीतली पुट्टी

चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या बफरला लागून आमचं शेत आहे. सागाच्या गोल ओंडक्यांचं घर बांधून आम्ही तिथेच राहतो. आमच्याकडे कुडाची भिंत लिंपणारे घरोघरी सापडतील, पण एकावर एक रचलेल्या ओंडक्यांमधल्या फटी बुजवणारा माणूस पंचक्रोशीत नाही. फसवणाऱ्यांना हीच जागा मोकळी सापडते. ताडोबाच्या आजूबाजूला होमस्टे, कॉटेज उभी राहताहेत, म्हणून हे लिहून ठेवतो.

ठेकेदार नागपूरचा. मोबाइलवर परदेशातल्या घरांचे फोटो दाखवले आणि फटी बुजवायच्या मसाल्याचा वाळलेला एक पट्टा हातात दिला. ओढला की ताणायचा, सोडला की जागच्या जागी. ‘‘भाऊ, पावसाचा बाप आला तरी थेंब आत येत नाही. पाच वर्षांची गॅरंटी देतो नं!’’ तो पट्टा अस्सल होता. नमुना खरा दाखवायचा आणि माल दुसराच भरायचा, ही या लोकांची पद्धत. रनिंग फुटाला ९५ रुपये ठरले, आतली बाजू वेगळी आणि बाहेरची वेगळी मोजायची. सत्तर टक्के रक्कम आधी.

काम जानेवारीत झालं. बादल्यांवर इंग्रजी लेबलं होती, पण एकीचंही सील आमच्यासमोर फुटलं नाही. सगळ्या झाकणं सैल असलेल्याच आल्या. पोरं गोठ्यात बसून मसाला घोटत होती. आईनं एकाला विचारलं, ‘‘बाबू, हे त पेंटर लोकं भित्तीले लावतेत तेच दिसते?’’ तो म्हणाला, ‘‘नाही मावशी, इम्पोर्टेड हाय.’’ वरून मातकट रंग फिरवल्यावर घर दिसायला झकास झालं. ठेकेदारानं चहूबाजूंनी फोटो काढले, उरलेले पैसे घेतले आणि गेला.

इथे थोडं लाकडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर फसवणूक नेमकी कुठे झाली ते कळणार नाही. ओंडका लांबीत जवळजवळ बदलत नाही, आडव्या अंगाने मात्र उन्हाळ्यात आकसतो आणि पावसाळ्यात फुगतो. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि लगेच पाठोपाठ मृगाचा पाऊस येतो. म्हणजे फट दरवर्षी उघडते, मिटते. तिच्यात भरायचा मसाला रबरासारखा ताणणारा लागतो, आणि तो फक्त वरच्या आणि खालच्या ओंडक्याला चिकटलेला हवा. मागे त्याला काहीही धरून बसता कामा नये, नाहीतर तो ताणला न जाता फाटतो. म्हणून आधी फटीत पॉलिथिलीन फोमची गोल दोरी दाबून बसवतात, कारण मसाला तिला चिकटत नाही. काचकाम करणारे तिला बॅकर रॉड म्हणतात; नागपुरात ॲल्युमिनियम-काचेच्या दुकानांत मिळते आणि महागही नसते. फटीपेक्षा किंचित जाड घ्यायची, म्हणजे घट्ट बसते. तिच्यावर साधारण १० मिलिमीटर जाडीचा थर. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे मसाला लावण्याआधी कडा थिनरने पुसाव्या लागतात. आमच्याकडे पुसण्याचा फडकासुद्धा कुणी हातात घेतला नव्हता.

मे महिन्यात प्रत्येक पट्टीच्या वरच्या कडेला केसाएवढी रेघ दिसू लागली. पुढे तिच्यात नख जाऊ लागलं. जूनमध्ये वाऱ्याचा पाऊस आडवा आला आणि पश्चिमेची भिंत आतून ओघळायला लागली. गाद्या ओल्या, स्विचबोर्डात पाणी. मी पेचकसानं एक पट्टी उकरली. ताणणं सोडाच, कट्‌कन तुटून तिचा भुगा झाला. साधी भिंतीची पुट्टी, तिच्यात लाकडाचा भुसा आणि रंग. तिच्या मागे फोमच्या दोरीऐवजी थर्माकोलचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांच्या पट्ट्या आणि तागाचं पोतं कोंबलेलं. पोतं ओलं झालेलं, आणि त्यात उधई (वाळवी). म्हणजे पैसे देऊन भिंतीत उधईचं खाणं भरून घेतलं!

फोन आधी ‘‘उद्या येतो भाऊ’’वर होता, नंतर लागेनासा झाला. गॅरंटीच्या कागदावर ना जीएसटी क्रमांक, ना मालाचं नाव. ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवत होते. सीलबंद माल सांगून दुसराच भरला हे फोटोंसकट दाखवलं, तेव्हा कुठे अर्ज घेतला. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, ते अर्जात लिहा. ग्राहक आयोगाचा रस्ता त्याहून सरळ वाटला. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. होमस्टेवाल्यांनी मात्र वकिलाला आधी विचारावं, कारण व्यापारासाठी घेतलेल्या सेवेवर समोरचा हरकत घेतो.

पैसे देताना आता मी काय करेन ते सांगतो. बादली माझ्यासमोर फुटेल. पहिल्याच दिवशी तिच्यातला मसाला प्लॅस्टिकवर हातभर ओढून ठेवीन, पूर्ण वाळू देईन आणि मग ताणून बघेन. फोमची दोरी बसल्यावर, मसाला चढण्याआधी, भिंतीचा फोटो काढीन. आणि मोठा हप्ता एक उन्हाळा, एक पावसाळा गेल्यावरच. ठेकेदार नाही म्हणाला तर तेच उत्तर समजायचं.

आमची पश्चिमेची भिंत आता काचकाम करणाऱ्या एका पोरानं नीट भरून दिली आहे, बाकीच्या तीन बाजूंना ताडपत्री आहे. आयोगात तारखा सुरू आहेत. तो ठेकेदार जानेवारीतले आमच्या घराचे फोटो अजून व्हॉट्सॲपवर ‘आमचं काम’ म्हणून फिरवतो. हिरव्या खिडक्या, उजवीकडे मोहाचं झाड आणि ओट्यावर पितळी गुंड ठेवलेलं घर कुणी दाखवलं, तर ते आमचं आहे. बोलणं तिथेच थांबवा.