हॅरल्डची पेनी, जुनी चिठ्ठी आणि माझे ३,८५० पौंड

इंग्लंडमध्ये राहून अँग्लो-सॅक्सन नाणी जमवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. मला विकली गेली ती १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत पडलेल्या हॅरल्ड राजाची म्हणवणारी चांदीची पेनी. त्याची कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची, त्यामुळे किंमत चढी. सोबतच्या जुनाट गोल चिठ्ठीवर, १९५५ पासून लंडनमध्ये लिलावात निघालेल्या, लॉकेट नावाच्या संग्राहकाच्या नाणेसंग्रहाचे नाव होते. असा मालकीचा इतिहास मागण्यात माझे काहीच चुकले नव्हते. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये सापडलेला जुन्या नाण्यांचा साठा शोधणाऱ्यांनीच दडवला आणि २०१९ मध्ये ते तुरुंगात गेले, तेव्हा पूर्वेतिहासाविना नाणे घेण्यातला धोका उघडच आहे.

चिठ्ठीवर वजन २०.६ ग्रेन, म्हणजे साधारण १.३३ ग्रॅम होते. विक्रेत्याच्या स्वतःच्या वर्णनात १.२१ ग्रॅम. दोन्ही आकडे पैसे भरण्यापूर्वी माझ्या डोळ्यांसमोर होते. विचारल्यावर, ‘मधल्या काळात कोणीतरी साफ केले असेल,’ असे उत्तर आले. अंगावरचा काळपट थर जसाच्या तसा असलेले नाणे साफ केलेले कसे, हा साधा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही, याचा संताप अजून शमत नाही. पण टांकसाळींची नावे तोंडपाठ असलेल्या माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता! वजन जुळले नाही, तर पुढचे एक अक्षरही ऐकू नका.

नंतर लिलावाचा छापील कॅटलॉग मिळवला. त्यातली छायाचित्रे प्लास्टरच्या ठशांची असली, तरी काठाचा आकार आणि ठसा कोणत्या बाजूला सरकला आहे हे स्पष्ट दिसते. माझे नाणे त्यांतल्या एकाशीही जुळले नाही. भिंगाखाली कडेवर कानस फिरवल्याची रेघ दिसली. नाणे साच्यात ओतलेले, म्हणजे नकली होते; खरी पेनी ठसा मारून घडवलेली असते. चिठ्ठी खरी असेलही, पण चिठ्ठी कोणत्याही नाण्याशेजारी ठेवता येते. चित्र आधी जुळवा, पैसे मग.

बँकेने ‘वस्तू मिळाली आहे, हा खरेदीविक्रीतला वाद आहे,’ म्हणून हात झटकले. पोलिसांनी ऑनलाइन अर्ज भरायला लावला, तक्रार क्रमांक दिला आणि पुढे तपास होणार नसल्याचे छापील पत्र पाठवले. फोन केला, तर पलीकडच्या बाईंनी पेनी म्हणजे एक पेनीच ना, असे विचारले. नाणे तपासायला कोणी मागितलेसुद्धा नाही. विक्रेत्याचा पत्ता टपाल स्वीकारणाऱ्या दुकानाचा निघाला, त्यामुळे दावा लावायचा तरी कोणावर? एवढी रक्कम थेट खात्यात पाठवू नका; क्रेडिट कार्ड न घेणारा विक्रेता सोडून द्या. त्याच्याकडे आता एडवर्डची पेनी विक्रीला आहे, तशाच गोल चिठ्ठीसह, आणि या वेळी वजन कुठेच दिलेले नाही.